ट्रान्सप्लांटनंतर मूल पुन्हा आजारी पडतं तेव्हा: खान्देशातल्या घरांसाठी

मुंबईत किंवा पुण्यात बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन मूल जळगाव, धुळे, नंदुरबारकडे परतलं की घरच्यांना वाटतं, अवघड भाग संपला. दात्याच्या पेशी रुजल्या, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) वर आला, प्लेटलेट टिकल्या, डॉक्टरांनी घरी सोडलं. पण पुढचं वर्षभर खालीवर होतच राहतं. ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, रिपोर्टमध्ये एखादा विषाणू सापडतो आणि पुन्हा भरती व्हावं लागतं. डॉक्टरांना हे अपेक्षित असतं. घरच्यांना ते नीट समजावलेलं नसतं, म्हणून पहिल्याच तापाला सगळं घर खचतं.

आपल्याकडे त्यात अंतराची भर पडते. जळगावहून मुंबई रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सात-आठ तास. ठाण्यातलं कुटुंब तासाभरात आपल्या वॉर्डात पोहोचतं, यावल-रावेर किंवा शहाद्याच्या घराला ती सोय नाही. म्हणून कोणता त्रास झाला की कुठे जायचं, सोबत काय न्यायचं, हे मूल हसत-खेळत असतानाच ठरवून ठेवावं लागतं. इथे डोळ्यांसमोर आहे ते थॅलेसेमियाचं, भावंडाच्या पेशी मिळालेलं मूल. सिकल सेलसाठी ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. औषधांचे डोस आणि तारखा मात्र तुमच्या टीमने दिलेल्याच पाळा.

ताप

१००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. हा आकडा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला पाठ हवा, आजीलाही. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा कमी येतं, म्हणून काखेत १०० दिसलं तरी फोन करावा. गुदद्वारात थर्मामीटर कधीही घालायचा नाही. प्लेटलेट आणि काउंट कमी असताना तिथली बारीकशी जखमही रक्तात जंतू सोडते. आधी पॅरासिटॅमॉल देऊन ‘बघू उतरतो का’ असं करू नये. ताप उतरतो, जंतुसंसर्ग चालूच राहतो, आणि मधले सहा तास हातचे जातात.

स्टिरॉइड चालू असेल तर ताप दबलेलाही राहू शकतो. मूल सुस्त पडलं, हातपाय गार झाले, लघवी कमी झाली, श्वास जोरात चालू लागला, तर थर्मामीटर काहीही दाखवो, निघायचं.

छातीत हिकमन लाइन (औषध-रक्तासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर आणखी एक खूण लक्षात ठेवा. लाइन फ्लश केल्यावर (आतून धुतल्यावर) अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरून ताप आला, तर जंतू लाइनमध्येच असण्याची दाट शक्यता असते. मग ती लाइन पुन्हा वापरायची नाही, थेट दवाखाना. लाइन फाटली किंवा तुटली तर तुटलेली जागा आणि मुलाची छाती यांच्या मध्ये क्लॅम्प लावायचा. तो चिमटा मुलाच्या कपड्यालाच अडकवून ठेवलेला असावा, कपाटात नको.

अशा तापात अँटिबायोटिकचा पहिला डोस दवाखान्यात पोहोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून जायला हवा. म्हणून तापलेलं मूल घेऊन रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची नसते. पहिला डोस जवळच, जळगावात किंवा धुळ्यात, आणि तोही ब्लड कल्चर (जंतू शोधायला रक्ताचा नमुना) काढून झाल्यावर. मूल स्थिर झालं की मुंबईच्या टीमशी बोलून, गरज असेल तर अँब्युलन्सने पुढे. चोपडा, पाचोरा, साक्रीसारख्या तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला जायलाच तास-दीड तास लागत असेल, तर गाडी कुणाची आणि रात्री कुणाला उठवायचं हेही आधी ठरलेलं असावं.

यासाठी डिस्चार्जनंतर पहिल्या आठवड्यातच जिल्ह्यातल्या एका बालरोगतज्ज्ञांना भेटून यावं, मूल बरं असताना. त्यांना सरळ विचारावं: तुमच्याकडे कल्चरची बाटली रात्रीही मिळते का? लाइन हाताळणारी नर्स आहे का? स्वतंत्र खोली मिळेल का? बाहेरच्या बाकावर गर्दीत न बसवता मुलाला थेट आत घ्याल का? शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहेत. खाजगी डॉक्टर असले तरी तिथल्या बालरोग विभागात एकदा कागदपत्रं दाखवून ठेवलेली बरी. डॉक्टर नवखे असतील म्हणून संकोच करू नये. ट्रान्सप्लांट झालेली मुलं फार दिसत नसल्याने बहुतेक डॉक्टर उलट मुंबईच्या टीमचा नंबर मागून घेतात.

फाइलमध्ये काय हवं

पिशवीभर रिपोर्ट रात्री दोन वाजता कुणी वाचत नाही. सगळ्यात वर एक पान हवं, टीमने लिहून सही-शिक्का दिलेलं. त्यावर ट्रान्सप्लांटची तारीख, दाता कोण, सध्याची औषधं, मुलाचं वजन, ॲलर्जी, ताप आला तर कोणतं अँटिबायोटिक किती द्यायचं, आणि चोवीस तास लागणारा फोन नंबर. वजन आणि औषधं बदलत राहतात, म्हणून प्रत्येक फेरीला हे पान नवीन करून घ्या आणि दोघा पालकांच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा.

त्याच पानावर ठळक लाल अक्षरात रक्ताबद्दल लिहिलेलं असावं. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाला साधी रक्ताची पिशवी लावत नाहीत. रक्त आणि प्लेटलेट दोन्ही इरॅडिएटेड आणि ल्युकोडिप्लीटेड (पांढऱ्या पेशी गाळून काढलेले) लागतात. इरॅडिएट म्हणजे पिशवीला साधारण २५ ग्रे किरणांचा डोस देऊन तिच्यातल्या लिम्फोसाइट पेशींची वाढण्याची ताकद काढून घेणं. ते केलं नाही तर त्या परक्या पेशी मुलाच्या अंगात वाढून त्याच्यावरच उलटू शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर मूल वाचणं फार अवघड. इरॅडिएशनचं यंत्र मोठ्या शहरांतल्या मोजक्या रक्तकेंद्रांत असतं. तुम्हाला जवळ पडणारं कोणतं, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. आधी वर्षानुवर्षं दर तीन-चार आठवड्यांनी साधं रक्त चढवलेलं असल्याने थॅलेसेमियाच्या घरांत इथे हमखास गल्लत होते. जुन्या डे-केअरमध्ये ओळखीची सिस्टर असते आणि ती मायेने लगेच पिशवी लावायला निघते.

रक्तगटही बदलतो. मूल बी पॉझिटिव्ह आणि दाती बहीण ओ पॉझिटिव्ह असेल, तर काही महिन्यांनी मुलाचा गट ओ होतो, आणि मधल्या काळात कोणती पिशवी चालेल याचे वेगळे नियम असतात. जुन्या थॅलेसेमिया कार्डावरचा गट म्हणून कुणाला सांगायचाच नाही. ते कार्ड फाइलमधून काढून घरी ठेवा.

गोळ्यांची लेव्हल

तब्येत मागे पडण्याची बरीचशी कारणं सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या आसपास फिरतात. त्यांची रक्तातली लेव्हल कमी पडली तर दात्याच्या पेशी मुलाच्या अंगावर उठतात, जास्त झाली तर किडनी आणि मेंदू दोन्हींना त्रास होतो. दोन डोसांत १२ तासांचं अंतर. लेव्हलच्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतरच द्यायचा. डोस सोबत न्यायचा आणि सुई निघाली की लगेच द्यायचा. घरून देऊन निघालात तर रिपोर्ट फुगीर येतो, डॉक्टर डोस उगाच कमी करतात आणि आठवड्याभरात पुरळ उठतं. रक्त कोणत्या वाजता काढलं आणि आदला डोस कधीचा होता, हे लॅबच्या कागदावर लिहून घ्या. सॅम्पल जळगावात दिलं तरी ते तपासायला बाहेर जाऊ शकतं. रिपोर्ट किती दिवसांनी येणार हे धरून तारीख ठरवा.

कंपनी बदलू नका. दुकानदार ‘हेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून देईल, पण शरीरात शोषलं जाण्यात फरक पडतो. दोन आठवड्यांचा साठा कायम हाताशी असावा. सायक्लोस्पोरिनची कॅप्सूल द्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची, पातळ औषध फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. पण मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी किंवा बंद गाडीत औषधाची पिशवी ठेवणंही चालत नाही, ती तुमच्याजवळ सावलीत.

उलटी झाली तर? डोसनंतर किती मिनिटांत झाली यावर पुन्हा द्यायचा की नाही ते ठरतं. तुमच्या टीमचा नियम लिहून घ्या. विसरलेला डोस पुढच्यासोबत दुप्पट करून मात्र कधी द्यायचा नाही. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते, त्यामुळे दोन दिवस जुलाब झाले की लेव्हल तपासायला हवी. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही लेव्हल वाढवतात. रिफाम्पिसिन आणि फिटची काही जुनी औषधं ती पाडतात. खोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी मुंबईला फोटो पाठवल्याशिवाय चालू करू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, किडनीवर दुहेरी भार पडतो. पपनस आणि त्याच्या जातीची फळंही बंद. आणि गुळवेल, काढे, ‘इम्युनिटी वाढवणारं’ काहीही पूर्ण बंद. डॉक्टर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवत आहेत. ती वाढवायला जाणं म्हणजे त्यांच्या उपचाराविरुद्ध औषध देणं.

हात थरथरणं, अंगावर लव वाढणं, हिरड्या सुजणं या औषधांनी होऊ शकतं, त्याने घाबरू नका. पण डोकं खूप दुखणं, नजर धूसर होणं, बडबडणं किंवा फिट येणं यांपैकी काहीही झालं तर तातडीने दवाखाना. रक्तदाब वाढून मेंदूला सूज आलेली असू शकते. लहान मुलाच्या मापाचा पट्टा असलेलं बीपीचं यंत्र घरी असावं. मोठ्या माणसाचा पट्टा आकडा चुकीचा दाखवतो.

पुरळ, जुलाब, कावीळ आणि रिपोर्टमधले धक्के

तळहात, तळपाय, कानामागे लालसर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे. जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशी मुलाच्या अंगावर उठणं, मुख्यतः या तीन ठिकाणी दिसतो: त्वचा, आतडं, यकृत. पुरळाचा उजेडात फोटो काढा, जुलाब किती वेळा झाले यापेक्षा मापाच्या भांड्यात किती झाले हे लिहा. डॉक्टर त्यावरूनच जोर ठरवतात. इथलं ऊनही पुरळ भडकवतं. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन. दहा ते चार बाहेर नाही.

उपचार बहुधा स्टिरॉइडचा. त्याने चेहरा सुजतो, रात्री भूक लागते, साखर आणि बीपी वाढतं, आणि शांत मूल चिडकं होतं, वस्तू फेकतं. हा औषधाचा परिणाम आहे हे आजी-आजोबांनाही सांगा, नाहीतर ‘लाडावलं’ म्हणून मुलाला बोलणी बसतात. गोळी एकदम थांबवायची नाही, टीम सांगेल तशी उतरवायची.

सीएमव्ही या विषाणूचा धक्का वेगळा. मूल खेळतंय, जेवतंय, आणि पीसीआर (रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी) वाढलेला येतो. ‘काहीच होत नाही मग भरती कशाला’ असं घरी म्हणतात. हा विषाणू फुप्फुसात किंवा आतड्यात पोहोचण्याआधीच अडवायचा असतो, म्हणून बरं दिसणाऱ्या मुलालाही औषध लागतं. त्याचं औषध, व्हॅलगॅनसायक्लोव्हिर, पांढऱ्या पेशी पाडतं. मग घरात कुजबुज सुरू होते की ट्रान्सप्लांट फेल गेलं. काउंट पडण्याची कारणं अनेक आहेत: हे औषध, को-ट्रायमोक्साझोल (संसर्ग टाळायला देतात ते औषध), एखादा विषाणू. पेशी टिकल्या की नाही ते कायमेरिझमची (दात्याच्या पेशी किती टक्के आहेत याची) तपासणी सांगते, आणि तीही एकदाच पाहून निष्कर्ष काढत नाहीत. थॅलेसेमियात दात्याच्या पेशी शंभर टक्के नसल्या तरी स्थिर राहिल्या, तर मूल रक्ताशिवाय राहू शकतं. आकडा उतरत चालला असेल तर मात्र औषधं बदलायला वेळीच पोहोचावं लागतं.

लघवी लाल झाली किंवा त्यात गाठी दिसल्या तर त्याच दिवशी कळवायचं.

घर, कापूस, कूलर

मुंबईच्या डिस्चार्ज कागदावर ‘धूळ टाळा’ एवढंच असतं. इथे धूळ म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत साठवतात. साठवलेला कापूस, कडबा, भुसा, जुनी पोती, धान्याची उफणणी यांत ॲस्परजिलस बुरशीचे कण असतात आणि या मुलांच्या फुप्फुसात ते घर करतात. त्या वर्षी कापूस दुसऱ्याच्या खळ्यात ठेवा किंवा थोडं नुकसान सोसून विका. हे सांगणं सोपं नाही हे ठाऊक आहे, पण बुरशीच्या न्यूमोनियाचं इंजेक्शन त्या भावफरकापेक्षा कितीतरी महाग पडतं. साठवलेल्या कापसाने अंगाला खाजही सुटते, आणि ती जीव्हीएचडीची की कापसाची हे ओळखताना विनाकारण घोळ होतो. घरात रंगकाम, तोडफोड, शेणाचं सारवण, कुंड्यांतली माती उकरणं हेही मूल घरात असताना नको.

कूलरबद्दल बोलायलाच हवं. भुसावळ-जळगावचा मे पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि घरोघरी कूलर लागतो. साचलेलं पाणी आणि ओली वाळ्याची ताटी बुरशी आणि जंतूंना पोसते, आणि पंखा तेच तोंडावर फेकतो. मुलाच्या खोलीत कूलर नको. एका खोलीला जाळ्या धुतलेला एसी, नाहीतर पंखा, दुपारी बंद खिडक्या, ओल्या फडक्याने अंग पुसणं. पाणी भरपूर. २० किलोच्या मुलाची रोजची मूळ गरज साधारण दीड लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. टीमने वेगळा आकडा दिला असेल तर तोच. खुणा केलेल्या बाटलीतून मोजून द्या. पाणी कमी पडलं की सायक्लोस्पोरिनसोबत क्रिएटिनिन (किडनीवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा) झपाट्याने चढतं.

नळाला आठवड्याने पाणी येतं तिथे ते साठवलेलं असतं. प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा आणि झाकून त्याच दिवशी संपवा. टाक्या आणि ड्रम आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा, कारण प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला डेंग्यू परवडणारा नाही.

जेवणात आपलं बरंच काही चालतं, पण ताजं आणि वाफाळतं. भरीत चालतं, कांद्याची पात आणि कोथिंबीर वरून कच्ची न घालता फोडणीत पूर्ण शिजवा. काळा मसालाही भाजी उतरवताना वरून नको, आधी घाला आणि उकळू द्या, कारण साठवणीच्या मसाल्यात बुरशी असते. कळण्याची गरम भाकरी उत्तम. तोंडात फोड असतील तर शेवभाजी, ठेचा राहू द्या. गच्चीवर वाळवलेले बिबडे, उघड्यावरचा रस, रात्रीचं शिळं, जुने शेंगदाणे नको. केळी आपल्या शेतातली असली तरी आधी पोटॅशियमचा रिपोर्ट बघा. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस आणि को-ट्रायमोक्साझोल तिन्ही पोटॅशियम वाढवतात, आणि केळी-नारळपाणी त्यात भर घालतात. रिपोर्ट ठीक असेल तर केळं धुऊन, मोठ्याने सोलून द्यावं.

माणसं

आखाजीला माहेरवाशिणी येतात, कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमतात. त्या वर्षी दार अर्धं बंद ठेवावं लागतं. सर्दी असलेल्याला आत घ्यायचं नाही, मग तो सख्खा मामा का असेना. ‘पोऱ्या कसा शे आते?’ असे दिवसाला वीस फोन येतात, आणि प्रत्येकाला प्लेटलेटचा आकडा सांगताना आईचा जीव मेटाकुटीला येतो. एका माणसाने, शक्यतो काकाने किंवा मावशीने, सगळ्यांना कळवायचं काम घ्यावं.

बहुतेक घरांत आई मुलासोबत मुंबईला आणि बाबा शेतीसाठी गावी, अशी वाटणी होते. पुन्हा भरती जूनच्या पेरणीत आली तर ही ताटातूट फार जाचते. गावातल्या पालकालाही औषधांचा तक्ता, फ्लश, फोन नंबर सगळं यायला हवं, म्हणजे दर काही दिवसांनी पाळी बदलता येते. दमलेल्या एकाच माणसाकडून डोस चुकतात. पैशांचंही तसंच. योजनेची मंजुरी ट्रान्सप्लांटपुरती आहे की नंतरच्या भरतीलाही, हे दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात आधीच विचारा आणि मदतीचा सगळा पैसा पहिल्या महिन्यात संपू देऊ नका.

पेशी देणाऱ्या भावंडाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. जीव्हीएचडी म्हणजे ‘दात्याच्या पेशी त्रास देतात’ हे ते मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकतं आणि मनात धरतं. आठ वर्षांच्या बहिणीला वाटतं, माझ्यामुळे दादा आजारी. तिला स्पष्ट सांगा: तुझ्या पेशींनीच त्याचं रक्त तयार होतंय, त्रास झाला तर तो डॉक्टर औषधाने आवरतात, त्यात तुझी चूक काहीच नाही. तिच्यासमोर ‘हिचं मॅच झालं नसतं तर’ असलं काही कुणी बोलू नये.

मुलालाही खरं सांगावं. ‘एकच दिवस’ म्हणून नेलं आणि पंधरा दिवस ठेवलं, तर पुढच्या वेळी ते घरातूनच हलत नाही. अंथरूण ओलं करणं, आईला न सोडणं, बोबडं बोलणं परत येऊ शकतं. रागावू नका.

पुढच्या वर्षाची कामं

ट्रान्सप्लांट यशस्वी झालं तरी आधीच्या रक्तातून साठलेलं लोह अंगातच असतं. काउंट स्थिरावले की ते काढायला गोळी देतात किंवा फ्लेबॉटमी करतात, म्हणजे साधारण दर १४ दिवसांनी किलोमागे ६ मिलिलिटर रक्त काढून टाकायचं. ज्या घराने वर्षानुवर्षं रक्त मिळवायला वणवण केली, त्यांना हे पाहवत नाही. पण नवं मॅरो ते रक्त परत तयार करतं, आणि यकृत-हृदय वाचवायचा हा चांगला उपाय आहे. ताप किंवा जीव्हीएचडी असताना फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा) असंही वाढतं, म्हणून तेव्हाचा आकडा लोहाचा म्हणून धरू नका.

लहानपणी दिलेल्या लसींचं संरक्षणही बहुतेक पुसलं जातं. निर्जीव लसी साधारण सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू होतात. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी दोन वर्षांनंतर, तेही जीव्हीएचडी नसेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील तरच. तोवर शाळेत किंवा वाड्यात कुणाला कांजिण्या निघाल्या आणि मूल त्याच्याजवळ होतं असं कळलं, तर अंगावर काही दिसायची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. प्रतिबंधाचं इंजेक्शन किंवा औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतं.

घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल तर पोलिओच्या रविवारी त्याला तोंडावाटे थेंब द्यायचे नाहीत. त्यातला जिवंत विषाणू शौचावाटे काही आठवडे बाहेर पडतो आणि ट्रान्सप्लांट झालेल्या मुलाला लागू शकतो. आशाताई आणि अंगणवाडीताईंना टीमची चिठ्ठी आधीच दाखवा, म्हणजे त्या दारात आल्यावर वाद होणार नाही. भावंडाला पोलिओची इंजेक्शनची लस बालरोगतज्ज्ञांकडून द्या. थेंब आधीच दिले गेले असतील तर टीमला कळवा, आणि त्या भावंडाचं शी-शू काढणारा माणूस ट्रान्सप्लांटच्या मुलाला भरवणारा नसावा.